ससा, सुणं आणि माळरान

नांदेडहून लातूरकडे निघालं आणि लोहा मागे पडलं की माळेगाव लागतं. वर्षातले अकरा महिने या गावापाशी एसटीतला प्रवासी मान वर करून बघत नाही. मार्गशीर्ष सरत आला, वेळ अमावस्या दोन दिवसांवर आली की मात्र इथे खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, उंट, गाढवं, बैल, कोंबडे, तमाशाचे फड, घिसाडी, वैदू, गोसावी असा सगळा भटका दख्खन या माळावर उतरतो. जिल्हा परिषदेचं पशुप्रदर्शनही असतं. त्यात अश्व, कुक्कुट यांच्या जोडीला श्वान असा एक सरकारी शब्द लिहिलेला असतो. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो तो त्या शब्दासाठी.

घोड्यांभोवती गर्दी होती. कुत्र्यांच्या बाजूला त्या मानाने शांतता होती. लांब निमुळतं तोंड, भात्यासारखी खोल छाती, मुठीत येईल अशी कंबर, लांब पाय आणि खाली चाबकासारखी लोंबणारी शेपटी असलेली दहा-बारा कुत्री मालकांच्या पायाशी उभी होती. भुंकत नव्हती. अनोळखी हात पुढे आला की अंग चोरून मागे सरत होती. एका मालकाला मी विचारलं, "मामा, हे मुधोळ ना?" तो थोडा दुखावल्यासारखा म्हणाला, "मुधोळ तिकडं म्हणतेत, सायब. आपलं कारवान हाय." शेजारच्याने त्याला दुरुस्त केलं, "कारवान न्हाई, पश्मी. ह्याच्या कानाला केस बघा की." एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमागे उभ्या असलेल्या दोन माणसांची नावावर एकवाक्यता नव्हती. हा लेख त्या नावाच्या मागे लागून लिहिला आहे. नावाच्या मागे लागता लागता तो माझ्या घरात शिरला, त्याला माझा इलाज नाही.

नावापासूनच सुरुवात करू. 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. पश्मीना शाल ज्या शब्दातून आली त्यातूनच कानाला, पायाला, शेपटीला झुलपी केस असलेल्या कुत्र्याचं पश्मी हे नाव आलं. आखूड, गुळगुळीत केसांचा तो कारवानी किंवा नुसता कारवान. हाही शब्द फारसीच. हैदराबादेत गोवळकोंड्याच्या वाटेवर कारवान नावाची जुनी वस्ती आहे, हिऱ्यामोत्यांच्या व्यापाऱ्यांचे तांडे जिथे थांबत तिथली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा दख्खनीतून आलेला हा शब्द आपल्या माळावरच्या कुत्र्याला चिकटावा यात नवल नाही. प्रचलित कथा अशी की अफगाण, पठाण, अरब व्यापारी आणि शिपाई आपल्या तांड्यांबरोबर सलुकीसारखी कुत्री घेऊन दक्षिणेत उतरले, आणि त्यांची ही संतती. देहयष्टी पाहिली तर ही कथा पटण्यासारखी आहे. अरबस्तानातला सलुकी आणि आपला पश्मी शेजारी उभे केले तर चुलत भाऊ वाटतील.

मुधोळ हे तिसरं नाव. ते मात्र एका संस्थानाचं आहे. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळला घोरपड्यांचं मराठी राज्य होतं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे (१८८४–१९३७) यांनी आपल्या मुलखातल्या बेरड शिकाऱ्यांकडची ही कुत्री पाहिली, त्यातली निवडक घेऊन पैदास केली, आणि इंग्लंडच्या भेटीत पंचम जॉर्जला त्यांची एक जोडी नजर केली, असं सांगतात. तेव्हापासून कुत्र्याला राजघराण्याचं नाव मिळालं. आजही कागदोपत्री हा घोळ मिटलेला नाही. चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणते, दुसरी एक राष्ट्रीय संस्था 'मुधोळ हाउंड' म्हणते. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यावर नाव मुधोळचं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशातल्या ज्या पहिल्या कुत्र्यांच्या जातींची नोंद केली, त्यात राजापालयम आणि चिप्पिपाराई यांच्याबरोबर नाव मुधोळचंच. माळेगावच्या त्या मालकाला राग येण्याचं कारण एवढंच की त्याच्या आज्याच्या हाताखालचं कुत्रं सरकारदरबारी दुसऱ्याच्या गावाच्या नावाने नोंदलं गेलं.

पण तांड्याबरोबर आलं म्हणजे त्याआधी दख्खनमध्ये शिकारी कुत्रं नव्हतं का? इथे एक दगड बोलतो, आणि तो दगड लातूरशी एका आडवाटेने जोडलेला आहे.

राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे धनी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, हे बहुतेक अभ्यासक मानतात. कंधार हे त्यांचं आणखी एक महत्त्वाचं ठाणं. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे तिथे आजही पडून आहेत. याच वंशातल्या तिसऱ्या कृष्णाने इसवी सन ९४९ च्या सुमारास तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्याचा मेहुणा गंगराजा बूतुग याने चोळ युवराज राजादित्याला मारलं. बूतुगाचा मनलेर नावाचा एक सेवक त्या लढाईत असा काही लढला की राजाने खूश होऊन त्याला म्हटलं, काय हवं ते माग. मनलेराने गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. राजाचं काळी नावाचं सुणं मागितलं. पुढे एका डुकरावर ते कुत्रं सोडलं गेलं, दोघं एकमेकांना भिडले आणि दोघंही मेले. मनलेराने आतकूर गावच्या देवळासमोर त्या कुत्र्याचा वीरगळ उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पापाची धमकीही दगडात कोरून ठेवली. आतकूर आज कर्नाटकाच्या मंड्या जिल्ह्यात आहे. डुकराशी झुंजणाऱ्या कुत्र्याचं शिल्प असलेला तो दगड बंगळूरच्या संग्रहालयात आहे.

काळी ही कारवानी होती असं मी म्हणत नाही. तेवढं तो दगड सांगत नाही. डुकराला भिडणारं कुत्रं आणि सशामागे धावणारं कुत्रं यांच्या बांध्यात फरक असतो. पण कारवाँ हा शब्द दख्खनमध्ये येण्याच्या कितीतरी आधी इथे शिकारी कुत्र्याला नाव होतं, मान होता, आणि एक योद्धा बक्षीस म्हणून कुत्रंच मागत होता, एवढं नक्की. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा राजविद्येचा ज्ञानकोश रचला. त्यात राजाच्या वीस विनोदांमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, हे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि मृगयेचं वेगळं. हे कल्याण म्हणजे बसवकल्याण. निलंग्याहून किती दूर? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतकं. माझं मत असं की दख्खनी कुत्र्यावर परदेशी रक्त चढलं असणार, आणि नाव मात्र सगळं परदेश्याने नेलं. भाषेत असं नेहमी होतं. शेवटचा पाहुणा घराला नाव देऊन जातो.

इथे एक सावधगिरी. शिवरायांच्या सैन्यात ही कुत्री होती, अमुक लढाईत त्यांनी पहारा केला, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून अधूनमधून आपल्याकडे वादळही उठतं. त्या वाघ्याला समकालीन कागदाचा आधार नाही असं इतिहासाचे अभ्यासक सांगत आले आहेत. ज्या दख्खनमध्ये काळीसाठी खरा दगड आहे, तिथे वाघ्यासाठी इतकं भांडावं आणि काळीचं नावही कुणाला माहीत नसावं, याची मला गंमत वाटते. गंमत म्हणायची म्हणून म्हणतो.

आता ससा. या कुत्र्याचा इतिहास खरं तर सशाच्या बाजूने लिहायला हवा, कारण मराठवाड्याच्या धार्मिक स्मृतीत ससा कुत्र्याहून मोठा आहे.

लीळाचरित्रातली ती लीळा शाळेत बहुतेकांनी वाचलेली असते. पारधी सुणी सोडतात, ससा जिवाच्या आकांताने पळत येतो आणि चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. कुत्री येतात आणि थबकतात. मागून पारधी येतात आणि आपला ससा मागतात. तो साधा ससा नाही, त्याच्यावर पैज लागलेली आहे. स्वामी देत नाहीत. शरण आलेल्याला मरण कसं, हा त्यांचा मुद्दा. शेवटी पारधी निघून जातात आणि स्वामी सशाला वाटेला लावतात. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस हे संकलित केलं. संत-चरित्र म्हणून आपण ते वाचतो. शिकारीचा इतिहास म्हणून वाचलं तर त्यात तीन गोष्टी सापडतात: या प्रदेशात पारधी कुत्र्यांनी ससे धरत, त्या धरण्यावर पैजा लागत, आणि पैजेचा ससा हातचा गेला तर प्रकरण हातघाईवर येण्याची भीती असे. म्हणजे पोटासाठीची शिकार आणि खेळ यांची सरमिसळ तेव्हाच झालेली होती. 'सुणें' हा जुना मराठी शब्द आपण टाकून दिला, कोकणीने मात्र 'सुणो' म्हणून जपला.

दुसरा ससा नांदेडला आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंह बहादूरशहाच्या छावणीबरोबर गोदावरीकाठी आले. शहराजवळ शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. शीख परंपरा सांगते की गुरूंनी इथे एका सशाची शिकार केली. तो ससा म्हणजे गुरू नानकांच्या काळातला सियालकोटचा मूला खत्री. गुरूंच्या हातून त्याची योनीतून सुटका झाली. चक्रधरांचा ससा वाचून मुक्त होतो आणि नांदेडचा ससा मरून मुक्त होतो. एकाच नदीच्या खोऱ्यात या दोन कथा नांदाव्यात आणि दोन्हींचे भक्त एकाच एसटीने प्रवास करावेत, हे मला फार मराठवाडी वाटतं.

तिसरी बाजू खुद्द माळेगावच्या देवाची. खंडोबा हा शिकारी देव. त्याच्या गाण्यांत तो शिकारीला जातो, रानात धनगरांच्या बानूला भेटतो. त्याच्यासोबत कुत्रं असतं. मार्तंडभैरवाचं भैरवपण त्या कुत्र्यात आहे. त्याचे वाघे अंगावर घोंगडी आणि गळ्यात भंडाऱ्याची पिशवी घालून देवापुढे कुत्र्यासारखे भुंकतात, कटोऱ्यातलं जमिनीवर ओतून तोंडाने खातात. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या उपासनेवर पुष्कळ लिहून ठेवलं आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. पण माळेगावच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात कदाचित नसेलही, तरी कुत्रं तिथे उपरं नाही. देवाच्या घरचंच आहे.

प्रत्यक्षात कुत्रं कोणाच्या दारी होतं? राजाच्या तर होतंच. पण राजाने ते मिळवलं कुणाकडून, हा प्रश्न मुधोळच्या गोष्टीतच दडलेला आहे: बेरडांकडून. कृष्णा-भीमेच्या मधल्या पट्ट्यात बेरड हे लढवय्ये शिकारी. सुरपूरला तर त्यांचं राज्यच होतं. आपल्या बाजूला पारधी. आणि तांडा म्हटलं की लमाण आलेच. रेल्वे येईपर्यंत दख्खनचं मीठ आणि धान्य लमाणांच्या बैलांवरून फिरलं, १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या फौजेचं पोटही त्यांनीच भरलं. हजारो बैलांचा तांडा रात्री माळावर उतरला की राखणीला कुत्री लागत. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक 'ब्रिंजारी' नावाच्या एका दख्खनी शिकारी कुत्र्याचा उल्लेख करतात तो या लमाणांवरूनच. 'कारवानी'तला कारवाँ कुठला, काबूलचा की आपल्याच लमाणांचा, हे कोडं मला त्यामुळे अजून सुटलेलं वाटत नाही.

या सगळ्यांचं पुढे काय झालं ते ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, माणसांवरून अजून पुरता गेलेला नाही. पोलीस पाटलाकडे हजेरी लावणाऱ्या माणसाने आपल्या कुत्र्याची वंशावळ कुठे लिहून ठेवायची होती? ती त्याच्या डोक्यात होती: कुठल्या मादीला कुठला नर दाखवला, कोणतं पिल्लू ठेवलं, कोणतं दिलं. ज्या निवडीचं श्रेय आपण संस्थानिकांना देतो, ती निवड त्याआधी कित्येक पिढ्या पालावर झालेली होती. मालोजीरावांचं काम मी कमी लेखत नाही. त्यांनी लक्ष घातलं नसतं तर कदाचित आज बोलायला काही उरलं नसतं. पण 'पुनरुज्जीवन' या शब्दात आधीच्या जिवंतपणाची गोष्ट गडप होते.

निवड कशाची होती, हे कुत्र्याच्या अंगावर लिहिलेलं आहे. हे नाकाने माग काढणारं कुत्रं नव्हे, डोळ्याने शिकार करणारं. दूरवर सशाचे कान हलले की याचं अंग ताठ होतं. पळताना चारही पाय एकाच झेपेत दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पूर्ण फाकलेले असताना. त्यासाठी लवचीक पाठ, मोठं काळीज आणि खोल छाती हवी, चरबी नको. उभा नर खांद्याशी साधारण सत्तर सेंटिमीटर भरतो, पण वजन शेळीएवढंही नसतं. चरबी नसल्यामुळे थंडीत कुडकुडतं, गोणपाट दिलं तर त्यात स्वतःला गुंडाळून घेतं. याच कारणाने शस्त्रक्रियेत काही प्रकारची भूल त्याच्या अंगातून लवकर उतरत नाही. जाणकार पशुवैद्य अशा कुत्र्याला भूल देताना हात राखून देतात. शहरात हे कुत्रं पाळणाऱ्याने ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

आणि स्वभाव. लोकांना वाटतं शिकारी कुत्रं म्हणजे खुनशी. हे घरात इतकं मऊ असतं की पाहुण्याला लाज वाटावी. दिवसातला बराच वेळ झोपतं. घरच्या माणसाच्या पायावर हनुवटी टेकल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. आरडाओरडा सहन होत नाही, मार तर नाहीच. एकदा मारलं की महिनाभर मन धरून बसतं. दुसऱ्या शतकात अ‍ॅरियन नावाच्या ग्रीक लेखकाने शिकारी कुत्र्यांवर एक पुस्तक लिहिलं. सिकंदराच्या मोहिमेचा इतिहास लिहिणारा तोच हा अ‍ॅरियन. त्यात तो आपल्या हॉर्मे नावाच्या कुत्रीबद्दल सांगतो: मी घरी असलो की ती घरी, बाहेर निघालो की माझ्याबरोबर, थोडा वेळ जरी दिसलो नाही तरी भेटल्यावर उडी मारून स्वागत करते, लहानपणी कधीतरी चाबूक खाल्ला म्हणून आजही कुणी चाबूक हा शब्द उच्चारला तर त्याच्याजवळ जाते, दबून बसते, गळ्यात पडते आणि तो धमकी मागे घेईपर्यंत सोडत नाही. असं कुत्रं माणसाच्या अंथरुणात निजलेलं बरं, असाही त्याचा सल्ला आहे. आणि खऱ्या शिकाऱ्याने ससा मारण्यासाठी कुत्रं सोडू नये, शर्यत बघण्यासाठी सोडावं, ससा निसटला तर आनंदच मानावा, असंही तो म्हणतो. हॉर्मेचं नाव मागे राहावं म्हणून तो ते मुद्दाम लिहितो. अठराशे वर्षं ते राहिलं आहे.

माझ्या आजोबांकडे अशी एक कुत्री होती. हरणी तिचं नाव. अहमदपूरजवळचं आमचं गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा १९८२ चा. आजोबांची जमीन कमी आणि माळ जास्त. हरणी रोज पहाटे त्यांच्याबरोबर शेतावर जायची आणि परत येताना कधी तिच्या तोंडात ससा असायचा, कधी नसायचा. आजीचं माहेर माहूरकडचं, महानुभाव. ती घरात मांस शिजू देत नसे. ससा आला की तो परस्पर गड्याच्या घरी जायचा आणि आजी त्या दिवशी जेवत नसे. तिने कधी हरणीला हाड म्हटलं नाही, की तिच्या भाकरीत कधी हात आखडला नाही. तव्यावरची पहिली ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून हरणीला, मग आम्ही. एकदा मी विचारलं, "आजी, हिचा राग येत नाही का?" ती म्हणाली, "तिला काय कळतंय? तिला सोडणाराला कळायला पायजे." आजोबा ओसरीवर बसून हे ऐकत होते. दोघांच्या संसारात हा एक मुद्दा पन्नास वर्षं तसाच राहिला, आणि हरणी दोघांच्या मध्ये झोपत राहिली.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी दुष्काळही होता, त्यामुळे गावाला कायद्याची बातमी उशिरा लागली. कायद्याच्या व्याख्येत प्राणी मारणं एवढंच शिकारीत येत नाही. त्याच्यामागे कुत्रं लावून पाठलाग करवणं हीसुद्धा शिकारच. परवान्याची वाट होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. काळवीट, चिंकारा, लांडगा सगळ्यांना संरक्षण मिळालं. मिळायलाच हवं होतं. माळावरची हरणं मी लहानपणी शंभरांनी पाहिली आणि तरुणपणी बोटांवर. कुत्र्यांनी ती संपवली असं मात्र म्हणवत नाही. बंदुका आणि जीपगाड्या आधी आल्या. मग विहिरी खोल गेल्या, माळ फुटले, ऊस आला, सोयाबीन आलं, आणि ज्या मोकळ्या नजरेच्या जमिनीसाठी हे कुत्रं घडलं होतं तीच उरली नाही. उसाच्या फडात डोळ्याने शिकार करणारं कुत्रं आंधळ्यासारखंच. शिकार थांबली हे चांगलं झालं, असं मी आजीच्या बाजूने म्हणतो. पण शिकारीबरोबर पारध्याचा एक व्यवसाय, त्याचं एक ज्ञान गेलं आणि त्या बदल्यात त्याला कुणी काही दिलं नाही, हेही त्याच दमात म्हणायला हवं.

तरी कुत्रं उरलं, ते काही गावांच्या हट्टामुळे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. कारवान पिल्लू हवं असणारा माणूस महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यातून जानवळचा रस्ता विचारतो. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. मेरठच्या लष्करी केंद्राने २०१६ मध्ये तिथून पिल्लं नेली, पुढे हवाई दलाने धावपट्टीवरचे पक्षी हाकलायला ही कुत्री घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर मुधोळचं नाव घेतलं आणि मागणी वाढली. जानवळला तसं केंद्र नाही. तिथे घराघरांत पिल्लं वाढतात आणि फोनवर विकली जातात.

विकत घेणारे आता पुण्या-मुंबईचे, आणि लातुरातल्या नव्या सोसायट्यांमधले. माझ्या पुतण्याने असंच एक पिल्लू आणलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी. पहिले सहा महिने त्याने सोफा फाडला, चपला खाल्ल्या, गॅलरीतून खालच्या मांजरावर नजर रोखून तासन्‌तास उभं राहिलं. पुतण्या मला फोन करून म्हणाला, "काका, हे वेडं आहे." वेडं नव्हतं. दिवसातून एकदा तरी जीव तोडून पळता आलं नाही तर हे कुत्रं घर खातं, एवढंच. आता तो पहाटे पाचला त्याला गावाबाहेरच्या एका कुंपण घातलेल्या प्लॉटवर नेतो. वीस मिनिटं सोडतो. नुसतं गोल गोल पळतं, समोर ससा नसताना. परत आलं की दिवसभर पायावर हनुवटी टेकून झोपतं. लस टोचायला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या मुलाने कार्डावर जात लिहिली: गावठी. पुतण्या चिडला. मी त्याला माळेगावचे ते दोन मालक आठवून दिले.

या लेखाच्या निमित्ताने मी आजोबांच्या जुन्या वह्या काढल्या. ते नेटके गृहस्थ होते. १९६८ च्या वहीत जमा-खर्च दिवसवार लिहिलेला आहे. गूळ कोणत्या अडत्याला घातला त्याचं नाव आहे. आजीच्या पाटल्या कोणत्या सोनाराकडे मोडल्या त्याचं नाव आहे. कोर्टाच्या कामाला वकील कोण होता तेही आहे. श्रावणातल्या एका पानावर त्यांच्या बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात हरणी येते: 'जानवळच्या पारध्याकडून कुत्रीचे पिल्लू आणिले. ज्वारी दोन पायली, धोतर एक.' पारध्याचं नाव लिहिलेलं नाही.